नऊ सेंटिमीटर

हेमांगी गायधनी आली आहे, दहा दिवसांसाठी,
दाढेचं रूट कॅनाल इथेच करायचं म्हणून.
तिकडे एका दाढेच्या पैशात
नाशिकचं जाण्या-येण्याचं तिकीट निघतं म्हणाली.

तिकडे म्हणजे नॉर्वे. तळ्याकाठचं गाव.
हिवाळ्यात माणसं तळ्यावरून चालत पलीकडे जातात.
तिथल्या हॉलमध्ये एकोणीस वर्षं ती पोरी पकडते.
पकडते, हा तिचाच शब्द.
"शिकवत कसली! पाठीखाली हात धरायचा,
आणि एक दिवस काढून घ्यायचा.
काढला, हे मात्र सांगायचं नाही."

मी नाशिकरोडला, प्रेसमध्ये.
छापलेल्या नोटांतले दोष शोधते.
सरकलेला आकडा, शाईचा ठिपका.
चांगल्या नोटेकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही.

संध्याकाळी दोघी तालमीत गेलो,
मालेगाव स्टँडच्या मागे.
मल्लखांबाच्या एरंडेलाचा वास
दारातच अंगाला चिकटला.
आणि कोपऱ्यात बीम, आमचाच.
भद्रकालीतल्या इस्माईलचाचांनी केलेला, सागाचा,
वर स्कूटरच्या सीटचं रेक्झिन.

खैरनार सर सांगायचे,
सुताराचं माप चुकलं, पोरींनो,
हा नऊच भरला. बाहेर सगळीकडे दहा.
इथे उभ्या राहिलात
तर तिथे त्र्यंबक रोड वाटेल.

हेमांगीला वाटला.
कटकला, त्रिवेंद्रमला, एकदा तर ताश्कंदला
ती त्या रुंद रस्त्यावरून उलटी गेली आणि पायांवर आली.
मी नाशिकच्या बाहेर गेले नाही.
तेराव्या वर्षी याच बीमवरून पडले,
मनगटात सळई बसली,
आणि मी मनाशी म्हटलं, नऊच तर होता.
तीस वर्षं म्हणते आहे.

तिचा गुडघा बाविसाव्या वर्षी गेला.
मग भुसावळला रेल्वेत कारकून,
टेबलाखाली पाय ताणत बसणारी.
मग पतियाळा, कोचिंगचा डिप्लोमा.
दोहातल्या शाळेत चार वर्षं,
जिथे पोरी दहावीपर्यंत यायच्या आणि मग यायच्या नाहीत.
मग बर्फ.

"भाषा यायची नाही ना सुरुवातीला.
तोंडातून आपलंच निघायचं. धर. सोड.
आता सगळा हॉल म्हणतो, सोड!
आयांना वाटतं, जिम्नॅस्टिक्समधलाच शब्द आहे,
फ्रेंच असावा."
हसताना तिने गालाला हात लावला. दाढ.

मी पर्समधून टेप काढली, शिंप्याची.
सकाळपासून होती पर्समध्ये.
रेक्झिनच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत
एकदा लावली. पुन्हा लावली.
मी डोळ्यांचंच खाते.
दहा.
पुरते दहा.

हेमांगी बीमवर हात टेकून उभी होती.
"मला माहीत होतं," म्हणाली.
"अकरा वर्षांची होते, शाळेच्या फुटपट्टीने मोजला.
तुला सांगणार होते.
पण तू फार छान चालायचीस तेव्हा,
नऊ समजून."

वर एक चिमुरडी चढली,
आम्ही उभ्या आहोत म्हणून जरा जास्तच ताठ.
नव्या सरांनी खालून ओरडून सांगितलं,
जपून गं, हा नऊचाच आहे.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघितलं नाही.
पोरीचा पाय डगमगला,
आणि हेमांगीचा हात तिच्या पाठीमागे गेला,
चार बोटांचं अंतर ठेवून,
न लागता.

टेपची गुंडाळी माझ्या मुठीत होती.
मनगट पावसाळ्यात दुखतं तसं दुखलं,
आणि हा तर मार्च.